दर दहावं झाड

लागवडीवर सगळे त्याला डॉक्टर म्हणत. पदवी वगैरे काही नव्हती. बावीस वर्षं झाडांच्या पायाशी उकिडवं बसून मुळं तपासली, तेवढीच काय ती विद्या. काही जण आदराने म्हणत, काही जण चेष्टेने, पण सगळे आदरानेच म्हणतात असं त्याने धरून ठेवलं होतं आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं.

काम दिसायला साधं. दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या झाडांना मूळकूज लागली आहे का ते बघायचं. बुंध्याजवळची माती खुरप्याने बाजूला करायची, जमिनीलगत बोटभर साल खरवडायची. आत हिरवट पांढरं दिसलं तर झाड ठणठणीत. तपकिरी डाग जिभेसारखा वर चढत आलेला दिसला तर झाड गेलंच म्हणून समजा. खाली मुळं काळी पडलेली असतात, चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी हातात येते. बघून झालं की माती परत लोटायची, दोन थापट्या मारायच्या आणि पुढच्या झाडाकडे जायचं. लाखभर झाडं कोण तपासणार? म्हणून दर पाचव्या ओळीतलं दर दहावं झाड बघायचं, असा नियम त्यानेच घालून घेतला होता. ओळीच्या तोंडाशी उभा राहून तो बोटांवर मोजत चालत जायचा आणि दहाव्याला बसायचा.

ही कूज मातीतून पसरते, ओल्या चिखलातून पसरते. म्हणून लागवडीच्या फाटकात औषधी पाण्याचा उथळ हौद होता आणि त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा डॉक्टरचा कायदा होता. त्यात तो कुणाची गय करत नसे. एकदा खुद्द मॅनेजरला त्याने फाटकातून परत पाठवलं होतं. "साहेब, बूट," एवढंच म्हणाला होता, आणि मॅनेजर निमूटपणे मागे फिरला होता. हा किस्सा तो वर्षातून चार-पाचदा तरी सांगायचा, आणि दर वेळी मॅनेजर थोडा जास्त खजील व्हायचा.

खुरपं मात्र त्याने कधी हौदात बुडवलं नाही. पाण्याने मूठ सैल होते म्हणायचा. प्रत्येक झाडानंतर पातं विजारीवर दोनदा पुसायचा, की झालं. साऱ्या जगाला बूट धुवायला लावणाऱ्या माणसाला खुरपं धुवायचं सुचलं नाही आणि त्याला ते सुचवायची दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. ओढ्याकाठी एक खोलगट तुकडा होता, तिथे पाणी साचायचं, तिथली झाडं मूळकुजीने आधीच खाल्लेली होती. डॉक्टर सकाळी पहिल्यांदा तिथे जायचा. आजारी आधी उरकावेत, मग निरोगी झाडांकडे सावकाश चढावं, असा त्याचा हिशोब.

त्या वर्षी वरच्या उतारावरची झाडं मरायला लागली. शेंडे पिवळे पडले, पानं माना टाकून लोंबायला लागली. मॅनेजरने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने दोन दिवस उतार पालथा घातला आणि एक गोष्ट त्याच्या तज्ज्ञ नजरेत भरली. मेलेली झाडं एकमेकांच्या शेजारी नव्हती. मातीतली कूज एका झाडावरून शेजारच्या झाडावर जाते, तिचे चट्टे पडतात. इथे एक इकडे, एक तिकडे, मधली सगळी धडधाकट. म्हणजे कूज इथल्या मातीतून आलेली नाही. ती रोपाबरोबर, पिशवीतूनच आली. म्हणजे नर्सरीतून.

तर्क अगदी चोख होता. त्याने अहवालात तो झोकात लिहिला आणि गुरुवारी सही ठोकून दिला.

नर्सरी त्याच्या वहिनीची होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण चाळीस वर्षं तिने ती सांभाळलेली. भाऊ गेला त्यालाही अकरा वर्षं झाली, तरी वहिनी रोज सकाळी सातला वाफ्यांत हजर. डॉक्टर तिशी आली तरी कुठे टिकत नव्हता, तेव्हा तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. इतकंच नाही. मूळ बघायला त्याला शिकवलं तेही तिनेच. बादलीत रोप खळबळून, उजेडात धरून, "असं पांढरं हवं, दुधाच्या दातासारखं," असं म्हणून. अहवाल लिहिताना हे त्याला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, आणि नातं आड येऊ न देता आपण सत्य लिहितोय याचं त्याला उलट कौतुक वाटलं होतं. माणूस स्वतःवर खूष असला की काय काय करू शकतो बघा.

मॅनेजरने हुकूम काढला. वाफ्यांतली मोठी रोपं, बत्तीस हजार, उपटून जाळायची. लहान रोपांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. पुढच्या वर्षीपासून रोपं बाहेरून आणायची. वहिनीला फाटकावर नोंदवहीपाशी बसवायचं.

वहिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मॅनेजरला ती एवढंच म्हणाली, "भावजींनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार. ते मुळांच्या बाबतीत चुकत नाहीत."

सोमवारी डॉक्टर मेलेल्या झाडांवर खुणा करायला वर गेला. बरोबर रंगवाली होती, म्हणजे नुकतीच कामाला लागलेली एक तोंडाळ बाई, हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश. डॉक्टरने बोट दाखवायचं, तिने खोडावर पट्टा ओढायचा. तिसरी ओळ रंगवून होईपर्यंत दोघांचा छान मेळ बसला. मग ती डॉक्टरच्या पुढेच चालायला लागली.

"अहो बाई, थांबा, मी दाखवतो."

"दाखवायचं काय त्यात? आता मला डोळे मिटून सांगता येतं. ही नऊ चांगली, हे दहावं गेलं. परत नऊ चांगली, परत दहावं गेलं." तिने पट्टा ओढला आणि हसली. "डॉक्टर, तुमचा हा रोग शिकलेला दिसतो. दहापर्यंत मोजता येतं त्याला!"

डॉक्टरही हसला. हसता हसताच त्याची नजर रंगवलेल्या ओळीवरून मागे गेली.

त्याने तिला पाणी प्यायला पाठवलं आणि खिशातली वही काढली. पाचवी ओळ, दहावी ओळ, पंधरावी, विसावी. मधल्या ओळींत एकही मेलेलं झाड नव्हतं. तरी त्याने स्वतःला समजावलं की योगायोग असेल. मग त्याला पंचविसावी ओळ आठवली. तिथे तपासताना मॅनेजरने खालून हाक मारली होती आणि तो मोजणीत चुकला होता. दहाव्याऐवजी अकराव्याला बसला आणि ओळभर तसाच एका झाडाने पुढे राहिला. वहीत तसा शेराही होता, कारण असल्या बाबतीत तो मोठा काटेकोर. तो धावतच पंचविसाव्या ओळीकडे गेला. अकरावं झाड मेलेलं. एकविसावं मेलेलं. एकतिसावंही.

तो तिथेच मातीत बसला. कमरेचं खुरपं काढून त्याने हातात घेतलं. पात्याच्या खाचेत काळा चिखल होता, ओढ्याकाठचा, सकाळचाच. आधी त्या चिखलात घालायचं, मग चढावरच्या धडधाकट झाडाची साल खरवडून उघड्या जखमेवर तोच चिखल फासायचा, वर माती लोटून दोन थापट्या मारायच्या. कुणाला मुद्दाम झाडं मारायची असती तर याहून चांगली रीत सापडली नसती. ऐंशी-नव्वद झाडं त्याने अशी एकेक करून, निवडून, वहीत टिपून मारली होती.

रंगवाली परत आली. "काय हो, बरं नाही वाटत?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

खरं म्हणजे तेव्हाच खाली उतरून मॅनेजरच्या खोलीत जायचं, इतकं सरळ होतं. तो उतरलाही. मॅनेजरच्या दारापर्यंत गेला. आत मॅनेजर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आमचे डॉक्टर आहेत ना, त्यांनी शोधून काढलं." डॉक्टर दारातून परत फिरला. घरी जाऊन त्याने खुरपं पातेल्यात घालून उकळलं. उकळत्या पाण्याकडे बघताना त्याला लाज वाटली, कारण आपण खुरपं स्वच्छ करतोय की खूण पुसतोय, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

मंगळवारी तो नर्सरीकडे फिरकला नाही. तिकडून धूर येत होता, एवढं दिसलं. संध्याकाळी त्याने मनाशी ठरवलं की आता निम्मी रोपं जळालीच आहेत, सांगून काय उपयोग. बुधवारी सकाळी त्याला कळलं की निम्मी नाही, पावच जळाली आहेत. तरी त्याने तेच कारण तसंच पुढे चालवलं. मूग गिळून बसायचं म्हटलं की कारणांना तोटा नसतो.

बुधवारी दुपारी वहिनीने निरोप पाठवून बोलावून घेतलं.

ती वाफ्याच्या बांधावर बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, हाताला काजळी. शेजारी नर्सरीतल्या दोघी जणी रोपं उपटत होत्या.

"भावजी, बसा. तुम्हाला त्रास देते, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. माझं काय चुकलं ते मला एकदा दाखवा."

"जाऊ द्या ना वहिनी. झालं ते झालं."

"असं कसं जाऊ द्या? चाळीस वर्षं मी ही मुळं बघतेय. बत्तीस हजार रोपं माझ्या हाताखालून गेली आणि एकातही मला काही दिसलं नाही. मला बघू तरी द्या काय होतं ते." तिने एक रोप उचललं, पिशवी फाडली, बादलीत मुळं खळबळली आणि त्याच्यासमोर धरली. "दाखवा."

मुळं स्वच्छ पांढरी होती. इतकी सुरेख मुळं त्याने वर्षात बघितली नव्हती.

आता सांगायचं, असं त्याने ठरवलं. तोंडही उघडलं. त्या दोघी बायका काम थांबवून त्याच्याकडे बघत होत्या, डॉक्टर काय सांगतात ते ऐकायला.

"हे बघा," तो म्हणाला. "इथे टोकाशी. जरा पिवळट आहे."

"कुठे?"

"टोकाला. अगदी थोडं."

वहिनीने चष्मा वर-खाली केला. रोप उन्हात धरलं, मग सावलीत धरलं. बराच वेळ बघत राहिली. डॉक्टरला वाटलं, आता ही म्हणेल की कुठे आहे पिवळं, काहीतरीच काय सांगता. तिने तसं म्हणावं म्हणून तो जवळजवळ देवाची प्रार्थना करत होता.

"हो," ती शेवटी म्हणाली. "आहे खरं. आता दिसलं." तिने रोप खाली ठेवलं. "म्हातारी झाले हो मी, भावजी. एवढं डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. तुमचे भाऊ असते तर काय म्हणाले असते!"

तिने त्याला चहा दिला आणि तो त्याने प्यायला. तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो कपाकडेच बघत राहिला. घरी जाताना वाटेत तो मोठ्याने स्वतःला एक शिवी देऊन बसला आणि समोरून येणारा सायकलवाला उगाच दचकला.

शनिवारी त्याला लहान रोपांबद्दल निर्णय द्यायचा होता. त्याने मनात सगळी जुळवाजुळव केली होती. लहान रोपं निर्दोष आहेत असं लिहायचं. मग हळूहळू नर्सरी परत सुरू होईल, वहिनी परत वाफ्यांत जाईल, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. खरं न सांगता सगळं खऱ्यासारखं होईल. त्याला ही युक्ती इतकी आवडली की पाच दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

तो नर्सरीत पोचला तेव्हा मोठे वाफे रिकामे झाले होते आणि कडेची आग अजून धुमसत होती. रंगवालीलाही रंगाचं काम संपल्यामुळे तिथे मदतीला लावलं होतं. आणि वहिनी लहान रोपांच्या वाफ्यात बसली होती. तिच्या उजव्या हाताला लहान रोपांचा गुडघाभर ढीग होता. उपटलेल्या रोपांचा.

"हे काय करताय?" त्याचा आवाज चिरकला.

"अहो, बरं झालं तुम्ही मला दाखवलंत," वहिनी म्हणाली. "ह्यांतही आहे ते पिवळं. कालपासून बघतेय. ह्या दोघींनाही शिकवलं मी, टोकाशी कसं बघायचं ते. आता त्यांनाही दिसतं. साहेबांना म्हटलं, भावजी येईपर्यंत कशाला थांबायचं, मीच सांगते ना, हीही गेलेली आहेत. साहेब आलेत बघायला."

मॅनेजर खरंच मागे उभा होता. त्याच्या हातात एक नखाएवढं रोप होतं आणि तो त्याच्या मुळाकडे बघून गंभीरपणे मान हलवत होता. त्यालाही दिसत होतं.

डॉक्टरने तो ढीग बघितला. हजार असतील, दोन हजार असतील. आपण झाडांत चिखल कालवला ते नकळत. इथे मात्र आपण जाणूनबुजून, तिच्या डोळ्यांत तो कालवला.

"वहिनी, थांबा," तो म्हणाला. "हात थांबवा. रोपांना काही झालेलं नाही. मोठ्यांनाही नव्हतं. कूज मी नेली वर. माझ्या खुरप्याने."

मग त्याने सगळं सांगितलं. ओढ्याकाठचा तुकडा, न धुतलेलं पातं, दर पाचवी ओळ, दर दहावं झाड. पंचविसाव्या ओळीतली चूकसुद्धा सांगितली, वही काढून दाखवली. रंगवाली तोंडावर हात ठेवून ऐकत होती. "अगबाई, म्हणजे मी त्या दिवशी..." ती पुटपुटली.

मॅनेजर बराच वेळ वही चाळत राहिला. मग त्याने ती मिटली आणि डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर, चूक कुणाकडूनही होते. पण ती अशी चारचौघांत येऊन सांगायला मोठं मन लागतं. मी तर म्हणतो, आपल्यातल्या प्रत्येकाने हे शिकण्यासारखं आहे." मग नर्सरीतल्या दोघींकडे वळून म्हणाला, "विझवा ते. नर्सरी आहे तशी राहील. बाई, तुम्ही इथेच."

दोघी लगबगीने बादल्या घेऊन धावल्या. जाता जाता एकीने डॉक्टरकडे कौतुकाने बघितलंसुद्धा. डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. छातीवरचा धोंडा उतरला, मान वर झाली. आपण तसे वाईट माणूस नाही, असं क्षणभर त्याला वाटून गेलं. उशिरा का होईना, सांगितलं आपण. मोठं मन लागतं असं साहेबच म्हणाले. लाजेची गोष्ट अशी की त्याला ते मनापासून पटलं होतं.

"भावजी," वहिनी म्हणाली. ती अजून वाफ्यातच बसलेली होती. "तुम्हाला हे कळलं कधी?"

आज, असं म्हणता आलं असतं. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते आणि रंगवालीशिवाय कुणाला संशय आला नसता. पण रंगवाली समोरच उभी होती, आणि ती नसती तर आपण काय म्हणालो असतो, हे डॉक्टरला नीट ठाऊक होतं.

"सोमवारी," तो म्हणाला.

"मग बुधवारी तुम्ही मला पिवळं दाखवलंत ते?"

"काही नव्हतं तिथे. पांढरंच होतं."

मॅनेजरचा हात त्याच्या खांद्यावरून कधी निघाला ते त्याला कळलं नाही. आता ही रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल, आणि सुनावले तर ते मी ऐकून घेईन, अशी त्याने तयारी केली.

पण वहिनीला राग आलेला दिसत नव्हता. ती गोंधळलेली दिसत होती. "मला दिसलं होतं हो," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी म्हणून खोटं नव्हते म्हणाले. मला खरंच पिवळं दिसलं. कालही दिसलं. आत्तासुद्धा."

तिने ढिगातून एक रोप उचललं, मातीचे कण झटकले आणि मूळ उजेडात धरलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. मग परत काढला. डॉक्टर एक पाऊल पुढे सरकला. ही आपल्याला विचारेल आणि निदान आता तरी आपण खरं सांगू, असं त्याला वाटलं.

ती त्याच्याकडे वळलीच नाही. तिने रोप रंगवालीपुढे धरलं.

"तू बघ ग. तुला हे कसलं दिसतं?"

"मला कुठे त्यातलं कळतंय, काकी?"

"म्हणूनच तुला विचारतेय. सांग."

रंगवालीने वाकून बघितलं. "पांढरं."

"नक्की?"

"पांढरंच आहे."

"परत बघ," वहिनी म्हणाली, आणि रंगवालीने रोप तिच्या हातातून घेऊन उजेडात धरलं.